शुगर किती आली?

"बाबांची शुगर किती आली आज?"

मंडपाच्या कडेला लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या सिस्टरांनी मला हे विचारलं, तेव्हा माझ्या एका मुठीत बाबांच्या रक्ताच्या नमुन्याचे दोन बल्ब होते आणि दुसऱ्या हातात घामाने मऊ पडलेला लॅबचा फॉर्म. गुरुवार, १६ मार्च २०२३. राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाचा तिसरा दिवस. सिस्टरांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, तिच्यावर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' असं छापलेलं. माईकवर घोषणा चालू होत्या, त्यामुळे त्यांनी जरा ओरडूनच विचारलं. सोमवारपर्यंत हीच बाई रोज सकाळी बाबांच्या पायापाशी वाकून पट्टी सोडायची. मी थांबले, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता लॅबकडे चालायला लागले.

उत्तर मला माहीत होतं. पहाटे मीच बाबांच्या बोटाला टोचून मोजली होती.

बाबांचा उजवा पाय फेब्रुवारीतच बिघडला होता. चपलेचा खिळा टोचला, तो त्यांना कळलाच नाही. वीस वर्षांच्या डायबेटिसने तळपायाची जाणीव कधीच नेली होती. आम्हाला कळलं तेव्हा दुसरं बोट जांभळं पडलेलं आणि त्याला वास. खाजगीत दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडचे आकडे ऐकून भावाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि बाबांना नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं. चाळीस खाटांचा वॉर्ड आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर गाद्या. बिटाडीनचा वास, फिनाईलचा वास, आणि दुपारी बारा वाजता कोणाच्या तरी डब्यातून येणारा लसणाच्या फोडणीचा वास. पहिले दोन दिवस या तीन वासांनी मला जेवण गेलं नाही. नंतर तो वॉर्डच घर झाला.

सिस्टरांचा हात मला आवडायचा. जखमेला चिकटलेली पट्टी त्या कधी ओढत नसत. सलाईनच्या पाण्याने भिजवायच्या, थांबायच्या, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्याचा बीपी बघून यायच्या, मग कडेकडेने सोडवायच्या. बाबांना दुखायचं नाही, त्यांना सांगायचीही गरज नव्हती, तरी त्या म्हणायच्या, "बाबा, आता थोडं ओढन हं." एकदा मी विचारलं, इतक्या पेशंटांत तुम्हाला वेळ कसा मिळतो? त्या म्हणाल्या, "मिळत नाही जी. काढावा लागते." परिचर्या परिषदेचं प्रमाण अध्यापन रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे. त्या वॉर्डात रात्री खाली-वर मिळून पन्नास पेशंट आणि दोन सिस्टर असत. त्यांचा चहा मी टेबलावर गार होताना कितीदा तरी पाहिला.

मंगळवारी सकाळी वॉर्डात शिरले तर आधी काही कळलंच नाही. मग लक्षात आलं की ट्रॉलीच्या चाकाचा आवाज नाही. रोज सहाच्या सुमाराला ड्रेसिंगची ट्रॉली निघायची, तिचं एक चाक किरकिरायचं, आणि त्या आवाजावर सगळा वॉर्ड कूस बदलायचा. त्या दिवशी ट्रॉली भिंतीला लावून ठेवलेली. झाडू मारणाऱ्या मावशी नाहीत, ऑक्सिजनचं सिलिंडर हलवणारे मामा नाहीत. कचऱ्याच्या डब्यावर रक्ताळलेला कापूस वर आलेला. टेबलाशी नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनी उभ्या होत्या, मी शिकवते त्या शाळेतल्या दहावीच्या पोरींएवढ्याच दिसणाऱ्या. त्यातली एक कपाट उघडून कुठल्या डब्यात काय आहे ते वाचत होती.

आणि एक निवासी डॉक्टर. परभणीकडची, पंचविशीची, केसांचा अंबाडा पेनाने खोचलेला. तिला मी मॅडम म्हणायचे आणि ती मला काकू. केसपेपर तीच लिहायची, इंजेक्शन तीच द्यायची, सॅम्पल घेऊन तीच खाली धावायची, आणि ऑपरेशन थिएटरमधून फोन आला की हातमोजे काढत तिकडे. पहिल्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, "काकू, बाबांची शुगर तुम्ही घरी मोजता ना? इथेही मोजून लिहून ठेवाल? मला फक्त दाखवा." मी घरून ग्लुकोमीटर आणला आणि माझ्या शाळेची एक शंभर पानी वही. बुधवारी तिने मला पट्टी सोडायला शिकवली. गुरुवारी लॅबचे बल्ब माझ्याच हातात दिले. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. वॉर्डातला जो माणूस दोन पायांवर उभा होता तो त्या आठवड्यात कर्मचारी झाला. कोणाचा मुलगा दुसऱ्याच कोणाच्या आजोबांचं लघवीचं भांडं नेत होता. कोणाची सून सलाईन संपत आली की हाका मारत होती.

लॅबमधून परत येताना मी मंडपाचा रस्ता टाळला. मागच्या बाजूने, धोब्याच्या शेडवरून आले. मला प्रचंड राग आला होता. शुगर विचारायची एवढी काळजी आहे तर आत या आणि मोजा, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं आणि ते बोलले नाही याचा मला अभिमानही वाटत होता. पायऱ्या चढताना तो अभिमान कुठेतरी निसटला. त्यांच्याकडे बाबांचा केसपेपर नव्हता, बेड नंबर समोर नव्हता, तिथे शंभर माणसं घोषणा देत होती, आणि तरी त्यांना आठवलं होतं की गुरुवारी बाबांची उपाशीपोटीची शुगर बघायची असते.

मी बाबांना सांगितलं. तक्रारीच्या सुरातच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उशीवरची मान माझ्याकडे वळवली. "मांगू दे नं त्यायले," ते म्हणाले. "मांगतल्याबिगर कोणं देल्लं आजपर्यंत?"

बाबा मिलमध्ये होते. पाचपावलीच्या आमच्या दोन खोल्यांत मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावलं जायचं. मी चौथीत असताना त्यांचा संप झाला होता. किती दिवस चालला ते मला सांगता येणार नाही, पण अंबाडीची भाजी किती दिवस चालली ते जिभेला आठवतं. आईचे कानातले इतवारीत गेले ते परत आले नाहीत. किराणेवाल्याच्या दुकानात आई मला पाठवायची, कारण लहान पोरीला तो नाही म्हणणार नाही, आणि मी वही पुढे करून खाली बघत उभी राहायची. बाबा मात्र त्या दिवसांत रोज दाढी करून गेटवर जायचे. मिलकडे काय मागितलं होतं, काय मिळालं, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मिल बंद पडली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. आज त्यांना कर्मचारी भविष्य निधीची पेन्शन येते, महिन्याला तेराशे आणि वर काही रुपये. केंद्राने २०१४ साली किमान १,००० रुपये ठरवले, त्याच्या थोडंसं पुढे. बाबांच्या इन्सुलिनला ते पुरत नाहीत.

त्याच खाटेवर पडून ते म्हणत होते, मागू दे.

सिस्टरांचं मागणं तसं साधं होतं. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर जे शासनाच्या सेवेत लागले त्यांना जुनी पेन्शन नव्हती. त्याआधी लागलेल्या परिचारिकेला शेवटच्या मूळ पगाराच्या अर्ध्याइतकी रक्कम मरेपर्यंत मिळते, नंतर लागलेलीचे तेव्हा दरमहा १० टक्के कापले जायचे, सरकार आपला वाटा घालायचं, आणि म्हातारपणी त्यातून किती येईल ते बाजारावर. एकाच वॉर्डात, एकाच ड्यूटीवर, एकच ट्रॉली ढकलणाऱ्या दोघींमध्ये ही तारीख उभी. आमच्या सिस्टर २००८ सालच्या. आदल्या डिसेंबरात इथल्याच विधिमंडळ अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं होतं की जुनी योजना दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. तो आकडाही मी खोटा म्हणत नाही. माझी शाळा विनाअनुदानित, मला ना जुनी पेन्शन ना नवी. त्यामुळे या भांडणात माझी बाजू कुठली हे मी स्वतःला नीट सांगू शकले नाही. मी मंडपातली नव्हते. मंत्रालयातली तर नव्हतेच. मी फक्त खाटेशेजारच्या स्टुलावरची होते.

नागपूरकराला मोर्चे नवे नाहीत. दर डिसेंबरात अधिवेशन येतं आणि सीताबर्डीकडचे रस्ते वळवले जातात. आपण कुरकुरत दुसऱ्या रस्त्याने ऑफिस गाठतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच आला होता आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. बहुतेक बायका आणि लेकरं. आता त्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, आणि मी त्यावरून स्कूटर नेताना शंभरातल्या नव्याण्णव वेळा पाटी वाचत नाही. मोर्चा बाहेर असतो तोवर तो वाहतुकीचा प्रश्न असतो. या वेळी मी आत होते, एवढाच फरक.

आमच्या डाव्या हाताला गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडचा एक माणूस होता. मांडीचं हाड मोडलेलं, रॉड टाकायचा. बुधवारी ऑपरेशन ठरलेलं. संपात फक्त तातडीच्या शस्त्रक्रिया होणार म्हणून त्याचं पुढे गेलं, कधी ते कोणी सांगू शकत नव्हतं. पायाला वजन लावून तो छताकडे बघत पडलेला. त्याची बायको दिवसभर खाटेच्या पायाशी उकिडवी बसायची. तिची हिंदी मोडकी आणि मराठी गोंडीच्या अंगाने जाणारी, म्हणून वॉर्डात तिच्याशी फारसं कोणी बोलत नसे. शुक्रवारी तिने मलाच विचारलं, आज कोणता वार आहे. मी सांगितला. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "मोहा पडून राहिला असन जी आता. ढोरं खाऊन टाकतेत." मोहफुलं पहाटे पडतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. वर्षातले ते तीन-चार आठवडे. वाळवून विकली की पावसाळ्यापर्यंत घरात तेल-मीठ राहतं. तिच्या झाडाखाली त्या आठवड्यात वेचायला कोणी नव्हतं. संपाचं नुकसान वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं, किती शस्त्रक्रिया टळल्या, किती ओपीडी ओस पडल्या. त्या हिशेबात तिची फुलं कुठे येणार. तिला सिस्टरांचा राग नव्हता, सरकारचाही नव्हता. तिला बहुतेक वाटत असावं की मोठ्या दवाखान्यात असंच असतं. मला तेच सहन होत नव्हतं.

त्याच शुक्रवारी रात्री अवकाळी पाऊस आला. वीज कडाडली, खिडकीच्या तुटक्या झडपेतून पाणी आत यायला लागलं, आम्ही जमिनीवरच्या गाद्या सरकवल्या. दोनच्या पुढे केव्हातरी समोरच्या रांगेतले आजोबा गेले. डॉक्टर मॅडम पंधरा-वीस मिनिटं त्यांच्या छातीवर दाब देत होत्या, मुलगा एका कोपऱ्यात हात जोडून. मग त्या थांबल्या, घड्याळ बघितलं, वेळ लिहिली. संप नसता तर ते वाचले असते का, हे मी म्हणणार नाही. ते फार आजारी होते. पण त्यांना खाली न्यायला माणूस नव्हता. स्ट्रेचरचं एक टोक मुलाने धरलं आणि दुसरं मॅडमनी. लिफ्टपर्यंत मी पुढे जाऊन दार धरलं. इतकं मी करू शकले.

परत आल्यावर त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मी डब्यातली पोळी गुंडाळून दिली, तिळाची चटणी घालून. त्यांनी दोन घासांत संपवली. किती तास झाले, मी विचारलं. "परवा सकाळपासून," त्या म्हणाल्या. मग मी तो प्रश्न विचारला जो मला दोन दिवस डाचत होता. बाहेर बसलेल्यांचा राग नाही येत? त्यांनी हात झटकले, पिठाचे कण पडले. "काकू, जानेवारीत आम्ही बाहेर होतो ना. होस्टेलसाठी, सिनियरच्या पदांसाठी. तेव्हा हा वॉर्ड सिस्टरांनीच ओढला." थोडं थांबून म्हणाल्या, "राग येतो. झोप आली की जास्त येतो." मग टेबलावर डोकं ठेवलं आणि सात-आठ मिनिटांत कोणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली.

२ जानेवारीला राज्यातले निवासी डॉक्टर संपावर गेले होते, ते मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

सोमवारी, २० तारखेला, संप मिटला. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आश्वासन दिलं, समिती नेमलेली होती, संध्याकाळी बातमी आली. वॉर्डात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणीतरी मोबाईलवर वाचून दाखवलं आणि सगळे दरवाज्याकडे बघायला लागले, जणू त्या आत्ताच येतील. मंगळवारी सहाच्या सुमाराला ट्रॉलीचं चाक किरकिरलं. बाबा जागेच होते. "आल्या," ते म्हणाले.

सिस्टरांनी पट्टी भिजवली, थांबल्या, सोडवली. जखम बघून त्यांचा चेहरा बदलला नाही, पण हात बदलला. बोटाच्या बुडाशी काळी रेघ वर सरकली होती. गेल्या सोमवारी ती नखाजवळ होती. माझ्या बांधलेल्या पट्टीत काही चुकलं होतं का, ओल राहिली होती का, हे मी त्या क्षणी स्वतःला विचारलं आणि अजूनही कधीकधी पहाटे विचारते. पाडवा झाल्यावर दोन दिवसांनी ते बोट काढलं. मोठे डॉक्टर म्हणाले की ते जाणारच होतं, रक्तपुरवठाच नव्हता. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. ठेवायचं ठरवलं आहे. धानोऱ्याच्या माणसाला त्याच आठवड्यात रॉड पडला. जाताना त्याच्या बायकोने पदराच्या गाठीतून काढून बाबांच्या उशाशी एक संत्रं ठेवलं. फुलांचं काय झालं ते मला विचारवलं नाही.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्याच्या त्या डॉक्टर मुलीच्या बलात्काराच्या आणि खुनाच्या बातमीनंतर आमच्या शहरातले निवासी डॉक्टर पुन्हा रस्त्यावर आले. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांनी निवासी डॉक्टरांच्या ३६-३६ तासांच्या ड्यूटीला अमानवी म्हटलं. मी टीव्हीसमोर बसून होते आणि मला पिठाचे कण झटकणारे हात दिसत होते. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या सासूबाई त्याच आठवड्यात एका सरकारी वॉर्डात होत्या. त्या ओळखीच्या बाई फोनवर रडत होत्या, डॉक्टरांना वाट्टेल ते बोलत होत्या, आणि मी ऐकत होते. "हो गं," एवढंच म्हणत होते. त्यांना समजवायला जावं असं मला वाटलं नाही. मी त्या स्टुलावर बसलेली आहे. तिथून दुसरं काही दिसत नाही.

बाबा आता चालतात. काळा विशेष बूट घालून, काठी घेऊन, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत. या दिवाळीत माळा आवरताना ती शंभर पानी वही हाती आली. पहिल्या पानांवर सातवी ब ची हजेरी, मधल्या पानांवर शुगर. १४ मार्चपासून २० पर्यंत माझं अक्षर, घाईचं, काही आकड्यांवर पाण्याचे डाग. ती वही मी त्या मंगळवारी सिस्टरांपुढे ठेवली होती, कारण केसपेपरमध्ये त्या आठवड्याच्या रकान्यात फारसं काही नव्हतंच. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत आल्या. गुरुवारच्या ओळीवर बोट थांबलं.

"२४८," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "जास्त होती की."

"हो," मी म्हटलं.

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, बाबांचं बोट हातात घेतलं, टोचलं, आणि यंत्रावर आकडा येईपर्यंत आम्ही तिघंही त्या छोट्या काचेकडे बघत राहिलो. वहीत माझ्या शेवटच्या ओळीखाली त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं आहे : २१ मार्च, सकाळी ६.२०, १९२.